चित्रपटसंवादातील इंग्रजी वाक्य आणि स्वाभाविकतेचा निकष : 'हूस्टन, वी हॅव अ प्रॉब्लेम' या उद्गाराच्या अनुषंगाने

प्रस्तावना

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना प्राध्यापकाच्या लाल शाईतून दोन प्रकारचे शेरे उमटतात. पहिला शेरा व्याकरणाचा असतो. क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, उपपद गळले आहे, काळ चुकला आहे, असे तो सांगतो आणि त्याच्या पाठीशी एखादा नियम उभा असतो. दुसरा शेरा निराळा असतो. 'वाक्य चूक नाही, पण इंग्रजीत असे म्हणत नाहीत', हे त्याचे स्वरूप. या शेऱ्याच्या पाठीशी नियम नसतो, कान असतो. विद्यार्थ्याला पहिल्या शेऱ्याविरुद्ध दाद मागता येते, दुसऱ्याविरुद्ध येत नाही. असे असूनही हा कान कोठे घडला, कोणत्या वाक्यांवर पोसला गेला आणि तो कितपत भरवशाचा आहे, याची चौकशी आपल्याकडे सहसा होत नाही.

मराठी भाषक प्राध्यापकाचा इंग्रजी कान एके काळी पुस्तकांवर घडत असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि नंतर कादंबऱ्यांवर पोसलेल्या पिढीला बोललेले इंग्रजी ऐकण्याची संधी फारशी नव्हती. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी इंग्रजी चित्रपट घरात आणले आणि हे चित्र पालटले. आज 'इंग्रजीत असे म्हणतात' या विधानाचा दाखला म्हणून ग्रंथातील उताऱ्यापेक्षा चित्रपटातील संवाद अधिक सहजपणे पुढे केला जातो. महाराष्ट्रातील शाळांत २०००-०१ पासून पहिलीपासूनच इंग्रजी आल्यानंतर घडलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. त्यांच्या वाक्यांत पाठ्यपुस्तक कमी आणि पडदा जास्त दिसतो.

तेव्हा चित्रपटातील इंग्रजी वाक्य स्वाभाविक वाटते ते कशामुळे, आणि त्या वाटण्याला भाषिक पुरावा म्हणून किती किंमत द्यावी, हा प्रश्न केवळ रसास्वादाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः एकाच वाक्याच्या आधारे केला आहे. ते वाक्य निवडण्याचे कारण असे की, चित्रपटातील संवाद आणि ज्या प्रसंगावर तो बेतला त्या प्रसंगी माणसांनी प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द, ही दोन्ही ध्वनिमुद्रित स्वरूपात शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. संवादाच्या अभ्यासकाला अशी सोय क्वचितच लाभते.

प्रत्यक्ष उद्गार आणि पडद्यावरील वाक्य

अपोलो १३ हे अमेरिकी अंतराळयान ११ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या दिशेने निघाले. जेम्स लॉव्हेल हा मोहिमेचा प्रमुख होता. जॅक स्विगर्ट व फ्रेड हेज हे त्याचे सहकारी. त्यांपैकी स्विगर्ट आयत्या वेळी आलेला. मूळ चमूतील केन मॅटिंग्ली याचा गोवराच्या एका प्रकाराशी संपर्क आल्याचे निष्पन्न झाल्यामुळे त्याच्या जागी त्याची निवड झाली होती. उड्डाणानंतर सुमारे ५५ तास ५५ मिनिटांनी, म्हणजे हूस्टनच्या घड्याळाप्रमाणे १३ एप्रिलच्या रात्री नऊच्या सुमारास, यान पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटर अंतरावर असताना प्राणवायूच्या दुसऱ्या क्रमांकाच्या टाकीचा स्फोट झाला. टाकीतील द्रव घुसळण्याची नेहमीची सूचना हूस्टनच्या नियंत्रण कक्षाने दिली होती व स्विगर्टने ती नुकतीच अमलात आणली होती.

यानातून पहिला उद्गार निघाला तो स्विगर्टचा : 'ओके, हूस्टन, वीव्ह हॅड अ प्रॉब्लेम हिअर.' जमिनीवरून बोलणाऱ्या जॅक लाउस्माने ते पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यावर लॉव्हेल म्हणाला, 'हूस्टन, वीव्ह हॅड अ प्रॉब्लेम.' लगेच त्याने 'बी' या मुख्य विद्युतवाहिनीचा दाब घसरल्याचे सांगितले, तेही 'वीव्ह हॅड' याच रूपात. दोन वेगवेगळ्या माणसांनी काही सेकंदांच्या अंतराने एकच क्रियारूप तीनदा वापरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिभेवर चुकून आलेले रूप असे तिनदा येत नाही.

रॉन हॉवर्ड दिग्दर्शित 'अपोलो १३' हा चित्रपट १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. लॉव्हेल व जेफ्री क्लुगर यांच्या १९९४ च्या पुस्तकावर तो आधारलेला असून पटकथा विल्यम ब्रॉइल्स व अल राइनर्ट यांची आहे. चित्रपटात केव्हिन बेकनने रंगवलेला स्विगर्ट 'वीव्ह गॉट अ प्रॉब्लेम हिअर' असे म्हणतो, आणि टॉम हँक्सचा लॉव्हेल 'हूस्टन, वी हॅव अ प्रॉब्लेम' असे म्हणतो. जगाच्या स्मरणात राहिले ते हे शेवटचे वाक्य. इतके की, ते प्रत्यक्षात उच्चारलेच गेले नव्हते हे सांगितल्यावर सुशिक्षित श्रोताही चकित होतो. हा बदल करणारा १९९५ चा चित्रपट पहिला मात्र नव्हे. १९७४ मध्ये याच घटनेवर अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटाचे नावच 'हूस्टन, वीव्ह गॉट अ प्रॉब्लेम' असे होते. म्हणजे घटनेला चार वर्षे होतात न होतात तोच 'हॅड' गळून पडले होते.

आता हीच तीन वाक्ये संदर्भ न सांगता इंग्रजीच्या वर्गापुढे ठेवली आणि यांतील कोणते अधिक स्वाभाविक वाटते असे विचारले, तर उत्तराचा अंदाज बांधणे कठीण नाही. 'वी हॅव' किंवा 'वीव्ह गॉट' यांना कौल मिळेल. 'वीव्ह हॅड' काहींना अवघडलेले वाटेल. संकट समोर उभे असताना माणूस ते होऊन गेल्याच्या भाषेत कसे बोलेल, अशी शंकाही निघेल. एकाच क्रियापदाची दोन रूपे लागोपाठ आल्यामुळे 'हॅव हॅड' ही जोडी मराठी विद्यार्थ्याला मुळातच खटकते. त्यातही बोलण्यात 'हॅव'चा 'व्ह' एवढाच अवशेष उरतो, आणि तो न ऐकू आल्याने वाक्य साध्या भूतकाळाचे वाटते. थोडक्यात, खरे वाक्य खोटे वाटेल आणि रचलेले वाक्य खरे वाटेल. स्वाभाविकतेचा निकष येथे उघड उघड उलटा पडतो.

'हॅड' या शब्दातील माहिती

खरे बोलणे कधी कधी विचित्र असते, एवढे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. स्विगर्ट आणि लॉव्हेल यांचे वाक्य हे भांबावलेल्या माणसाचे अडखळणे नव्हे. ते अत्यंत काटेकोर वाक्य आहे.

बर्नार्ड कॉम्री यांनी १९७६ च्या क्रियाव्याप्तीविषयक ग्रंथात इंग्रजीतील पूर्ण वर्तमानाच्या चार छटा सांगितल्या आहेत : ज्याचा परिणाम उरला आहे अशी घटना, अनुभवात जमा झालेली घटना, पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू असलेली स्थिती आणि नुकतीच घडलेली घटना. या चारही छटांत भूतकाळातील घटनेचा वर्तमानाशी काही संबंध असतो, परंतु तो संबंध कोणता हे प्रत्येक छटेत वेगळे ठरते. यानातील त्या क्षणी वक्त्यांना काय ठाऊक होते? एक मोठा आवाज झाला होता. धोक्याचा इशारा देणारा दिवा लागला होता. विद्युतवाहिनीचा दाब घसरला होता. मात्र ही घसरण टिकून आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. किंबहुना लॉव्हेलच्या उद्गारानंतर थोड्याच वेळात हेज याने दाब या घटकेला ठीक दिसत असल्याचे कळवले आणि इशाऱ्याबरोबर मोठा धमाका झाल्याचे सांगितले. हेजच्या त्या निवेदनात दाबाची आताची स्थिती वर्तमानकाळात आहे व धमाका साध्या भूतकाळात आहे.

अशा स्थितीत 'वी हॅव अ प्रॉब्लेम' असे म्हणणे म्हणजे ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगणे होय. बिघाड आहे, तो चालू आहे, असा दावा त्यात येतो. 'वी हॅड अ प्रॉब्लेम' म्हटले असते तर प्रकरण मिटले, आता चिंता नको, असा अर्थ निघाला असता आणि तोही दावा करण्याजोगा नव्हता. या दोन दाव्यांच्या मधली जी जागा आहे, तेथे बोट ठेवणारे रूप इंग्रजीत एकच आहे, आणि ते दोघांनीही अचूक उचलले. काहीतरी घडले, त्याची नोंद घ्या, त्याचे पुढे काय झाले हे अजून सांगता येत नाही, हा सगळा आशय त्या 'हॅड'मध्ये आहे. ब्रिटिश भाषकाच्या तुलनेत अमेरिकी भाषक नुकत्याच घडलेल्या घटनेसाठी साधा भूतकाळ अधिक सहजतेने वापरतो. हे लक्षात घेतले तर येथे पूर्ण वर्तमानाची निवड अधिकच अर्थपूर्ण ठरते.

पुढील घडामोडीही याला दुजोरा देतात. स्फोटानंतर सुमारे १३ मिनिटांनी लॉव्हेलने खिडकीतून पाहिले तेव्हा यानातून काहीतरी वायुरूप पदार्थ बाहेर अवकाशात जाताना त्याला दिसला. ते हूस्टनला कळवताना तो चालू वर्तमानकाळात बोलला. डोळ्यांसमोर चाललेल्या क्रियेसाठी चालू वर्तमान, कारण अज्ञात असलेल्या व परिणाम अनिश्चित असलेल्या घटनेसाठी पूर्ण वर्तमान, आणि ऐकू येऊन संपलेल्या आवाजासाठी साधा भूतकाळ. वक्त्यांच्या ज्ञानाची सीमा जशी सरकत गेली तसा त्यांचा काळ बदलत गेला. व्याकरणाच्या वर्गात काळ शिकवण्यासाठी यापेक्षा चोख उतारा शोधूनही सापडणार नाही.

संकटाला 'प्रॉब्लेम' म्हणणे हेही असेच. हा शब्द चित्रपटाने कायम ठेवला आहे. परंतु घटना ठाऊक नसती आणि एखाद्या नवोदित पटकथाकाराने प्राणवायूची टाकी फुटल्यावर पात्राच्या तोंडी 'अडचण' एवढाच शब्द घातला असता, तर समीक्षकांनी त्याला धारेवर धरले असते. माणूस मृत्यूच्या दारात असे बोलत नाही, असा आक्षेप आला असता. लॉव्हेल व स्विगर्ट हे दोघेही चाचणी-वैमानिकाच्या परंपरेत वाढलेले होते. त्या परंपरेत बिघाड सांगताना आवाज चढवायचा नाही आणि विशेषणे लावायची नाहीत, ही शिस्त अंगी मुरलेली असते. त्या व्यवसायातील माणसाच्या तोंडी 'प्रॉब्लेम' हाच स्वाभाविक शब्द होय. नोआम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये व्याकरणशुद्धता आणि स्वीकार्यता यांत भेद केला. डेल हाइम्स यांनी पुढे औचित्याचा, म्हणजे कोण, कोणाशी, कोठे बोलतो याचा विचार त्यात आणला. आपल्याकडील 'असे म्हणत नाहीत' हा शेरा स्वीकार्यतेचा असल्याचे भासवतो. प्रत्यक्षात तो औचित्याचा असतो आणि औचित्य ठरवण्यास आवश्यक तो संदर्भ तपासण्याची तसदी मात्र घेत नाही.

चित्रपटाने केलेला बदल

म्हणून चित्रपटाने वाक्य बिघडवले असा निवाडा द्यावा काय? तसा निवाडा घाईचा ठरेल. चित्रपटातील संवाद एकाच वेळी दोन श्रोत्यांसाठी असतो. पात्र पात्राशी बोलते आणि प्रेक्षक ते बाजूने ऐकतो. सारा कोझलॉफ यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चित्रपटसंवादाची मांडणी याच सूत्राभोवती केली आहे. हूस्टनच्या नियंत्रण कक्षाला दाबाचे आकडे समोर दिसत होते. त्यांना 'हॅड'मधील सावधपणा समजत होता व हवाही होता. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला ते आकडे दिसत नाहीत. त्याला एवढेच कळायला हवे की आता संकट सुरू झाले. 'वीव्ह हॅड' ऐकून तो क्षणभर संभ्रमात पडला असता आणि कथेचा तो टप्पा संभ्रम सहन करणारा नाही. पात्रांपुरते पाहिले तर वाक्य कमी अचूक झाले, प्रेक्षकापुरते पाहिले तर अधिक स्पष्ट झाले.

पटकथेतील आणखी एक सूक्ष्म निवड मात्र दाद देण्याजोगी आहे. प्रत्यक्षात दोघांचे शब्द जवळजवळ सारखे होते. चित्रपटाने ते वेगळे केले. स्विगर्टच्या तोंडी 'गॉट' आले आणि लॉव्हेलच्या तोंडी नुसते 'हॅव'. 'हॅव गॉट' हे बोलीतले, घाईतले, सहकाऱ्याशी बोलतानाचे रूप. 'हॅव' हे त्या मानाने संथ व भारदस्त. चमूत नव्याने आलेला, ज्याने नुकतेच बटण दाबले आहे असा स्विगर्ट गडबडलेला आणि मोहिमेचा प्रमुख स्थिरचित्त, हे नाट्य एका लहानशा शब्दाच्या असण्या-नसण्यातून उभे केले आहे. प्रत्यक्षातील स्विगर्टवर त्यात अन्याय होतो, हे खरे. ध्वनिमुद्रिकेतील त्याचा आवाज गडबडलेला नाही. १९८२ मध्ये तो निवर्तला असल्याने चित्रपटाविषयी त्याचे मत काय झाले असते, हा प्रश्न उरत नाही.

वाक्य स्मरणात का राहिले, याचे उत्तर आणखी वेगळ्या दिशेने मिळते. कॉर्नेल विद्यापीठातील ख्रिस्तियन डानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल, जस्टिन चेंग, जॉन क्लाइनबर्ग व लिलियन ली यांनी २०१२ मध्ये सुमारे १,००० चित्रपटांच्या संहितांतील स्मरणीय आणि अस्मरणीय वाक्यांची तुलना प्रसिद्ध केली. स्मरणीय वाक्यांत शब्दांची निवड कमी परिचयाची असते, परंतु वाक्यरचनेचा साचा ओळखीचा असतो, असे त्यांना आढळले. शिवाय अशी वाक्ये आपल्या प्रसंगातून उचलून अन्यत्र नेता येण्याजोगी असतात. त्यांत अनिश्चित उपपद अधिक येते आणि भूतकाळ कमी येतो. 'वी हॅव अ प्रॉब्लेम' या मोजमापात तंतोतंत बसते. 'हॅड' गेले, 'हिअर' गेले, वर्तमानकाळ आला, 'अ' राहिले. कार्यालयात संगणक बंद पडला, वर्गात फळा पुसायला डस्टर सापडला नाही, तरी ते वाक्य हसत हसत म्हणता येते. 'वीव्ह हॅड अ प्रॉब्लेम हिअर' हे वाक्य त्या यानाला आणि त्या मिनिटाला बांधलेले आहे. ते दुसरीकडे नेता येत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद करावा लागतो. ज्याला आपण वाक्याची स्वाभाविकता म्हणतो ती अनेकदा त्याची वाहतूकक्षमता असते. शेकडो वेळा, शेकडो प्रसंगी ऐकल्यामुळे वाक्य कानाला सवयीचे होते आणि सवयीचे ते स्वाभाविक, असे आपण धरून चालतो. चित्रपटातील संवाद बोलण्याची हुबेहूब प्रत नसतो, हे याआधीही दाखवून दिले गेले आहे. पाउलो क्वाल्यो यांनी २००९ च्या ग्रंथात 'फ्रेंड्स' या मालिकेतील संवादांची प्रत्यक्ष अमेरिकी संभाषणाशी तुलना केली. बरीच वैशिष्ट्ये समान असली तरी प्रत्यक्ष बोलण्यातील संदिग्धता व मोघमपणा मालिकेत कमी असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. मोघम बोलणे प्रेक्षकाला पेलत नाही. पण माणसे मोघम बोलतात, आणि शिकणाऱ्याला माणसांशी बोलायचे असते.

लोकस्मृतीने केलेली दुरुस्ती

वरील उदाहरणात पटकथाकारांनी खऱ्या वाक्याला वळण दिले. दुसऱ्या एका प्रसिद्ध उदाहरणात चित्रपटाच्या वाक्याला लोकांनीच वळण दिलेले दिसते. रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शित व एरिक रॉथ लिखित 'फॉरेस्ट गंप' (१९९४) या चित्रपटात टॉम हँक्सचाच नायक बाकावर बसून सांगतो की, 'माय ममा ऑल्वेज सेड लाइफ वॉज लाइक अ बॉक्स ऑफ चॉकलेट्स'. हे वाक्य उद्धृत करताना बहुतेक जण 'वॉज'च्या जागी 'इज' घालतात. आपल्या पाठ्यपुस्तकांचीही त्यांना साथ आहे. अप्रत्यक्ष कथनात सार्वकालिक सत्य सांगितले असेल तर काळ बदलू नये, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो, आणि सूर्य पूर्वेला उगवतो हे त्याचे उदाहरण ठरलेले. आयुष्याविषयीचे विधान सार्वकालिक, म्हणून 'इज' बरोबर आणि 'वॉज' चूक, असे गुण देणारा परीक्षक सहज म्हणून जाईल.

परंतु हा नियम इंग्रजीत बंधनकारक नाही. काळ मागे सरकवणे आणि न सरकवणे हे दोन्ही पर्याय भाषेत खुले आहेत, आणि त्यांतील फरक जबाबदारीचा आहे. 'इज' म्हणणारा वक्ता आईचे मत सांगतानाच त्याला स्वतःची संमतीही जोडतो. 'वॉज' म्हणणारा ते मत आईच्या हवाली ठेवतो. फॉरेस्ट हा स्वतःच्या बुद्धीने सिद्धान्त मांडणारा माणूस नाही. कथेच्या त्या क्षणी त्याची आई हयात नाही आणि तिचे शब्द तो जसेच्या तसे, श्रद्धेने पुढे करतो. 'वॉज' मध्ये ती माया व ते अंतर दोन्ही आहे. लोकांनी 'इज' करून त्याचे सुभाषित बनवले, म्हणजे पुन्हा तेच : पात्रापासून तोडून वाक्य इतरत्र नेण्याजोगे केले. मराठी माणसाला ही दुरुस्ती अधिकच सोयीची वाटते, कारण मराठीत 'आई नेहमी म्हणायची की' यानंतर वर्तमानकाळच येतो. आपला कान येथे इंग्रजी ऐकत नसतो, मराठीच ऐकत असतो.

'द टर्मिनेटर' (१९८४) मधील 'आय'ल बी बॅक' या वाक्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरला 'आय'ल' हे संक्षिप्त रूप उच्चारताना अडचण होत होती व त्याने 'आय विल' असे पूर्ण रूप सुचवले. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने ते मानले नाही. वास्तविक पात्र यंत्रमानवाचे आहे, आणि यंत्र संक्षेप का करील, हा प्रश्न रास्त होता. तरीही कॅमेरॉनची निवड योग्य ठरली. यंत्राने माणसासारखे सहज बोलावे यातच त्या दृश्यातील धोका आहे.

परक्या जिभेची स्वाभाविकता

आतापर्यंतची उदाहरणे मातृभाषक पात्रांची, किंवा निदान तसे भासवणाऱ्या पात्रांची होती. गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटातील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी आहे. लाडू करून विकणारी, इंग्रजी येत नाही म्हणून घरातच हिणवली गेलेली. न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग करून ती भाचीच्या लग्नात इंग्रजीतून बोलते. श्रीदेवीने केलेले ते भाषण लहान वाक्यांचे, मध्ये थांबणारे, काही ठिकाणी व्याकरणात उणे असे आहे. उत्तरपत्रिकेत ते आले असते तर त्याला किती गुण मिळाले असते, याची कल्पना प्रत्येक प्राध्यापकाला आहे. तरीही चित्रपटातील एकही वाक्य त्याच्याइतके स्वाभाविक नाही. चार आठवडे इंग्रजी शिकलेली बाई अशीच बोलेल. तिने याहून सफाईदार बोलणे हेच अस्वाभाविक झाले असते, आणि हिंदी चित्रपटांत असे अस्वाभाविक सफाईदार इंग्रजी वर्षानुवर्षे खपून गेले आहे.

याचा अर्थ उत्तरपत्रिकेतील चुका माफ कराव्यात असा नव्हे. चूक ही चूकच असते आणि ती दाखवणे हे अध्यापकाचे काम आहे. प्रश्न आहे तो चूक नसलेल्या वाक्याचा. विद्यार्थ्याने लिहिलेले एखादे वाक्य कानाला खटकते तेव्हा ते कोणाच्या तोंडी आहे, कोणाला उद्देशून आहे आणि बोलणाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर रेघ ओढणे अन्यायाचे होय. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या तीन वर्तुळांची कल्पना मांडल्यापासून भारतीय इंग्रजीच्या स्वायत्ततेची चर्चा आपल्या चर्चासत्रांतून भरपूर झाली. गुणदानाच्या टेबलापर्यंत मात्र ती पोहोचली नाही. तेथे अजूनही 'वीव्ह हॅड' लिहिणाऱ्या मुलाला 'वी हॅव' करून द्यावे लागते, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या कानात टॉम हँक्सचा आवाज असतो.

मराठी भाषांतराचा प्रश्न

चित्रपटातील वाक्याला मराठी रूप द्यायचे झाल्यास काय करता येईल, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाची आणखी एक बाजू उघड होते. 'हूस्टन, आमच्याजवळ एक अडचण आहे' हे शब्दशः भाषांतर कोणीही नाकारील. मराठीत अडचण जवळ बाळगण्याची वस्तू नाही, ती येते. 'हूस्टन, एक अडचण आहे' हे चालेल, पण ते विनंतीअर्ज घेऊन आलेल्या माणसाच्या बोलण्यासारखे लागते. पुढे काहीतरी सवलत मागितली जाणार असे वाटते. यानातल्या माणसाच्या तोंडी शोभेल असे मराठी वाक्य एकच : 'हूस्टन, अडचण आली आहे.'

हे मराठीचे पूर्ण वर्तमान आहे. हँक्सच्या साध्या वर्तमानाचे भाषांतर करायला गेलेला मराठी भाषांतरकार, कान शाबूत असेल तर, चित्रपटाने गाळलेले क्रियारूप आपोआप परत आणतो. अर्थात हे पूर्ण वर्तमान स्विगर्टच्या पूर्ण वर्तमानाशी सर्वस्वी समान नाही. 'आली आहे' म्हटल्यावर आलेली अडचण अद्याप मुक्कामाला आहे असे मराठी श्रोता गृहीत धरतो. 'वीव्ह हॅड' तसे गृहीत धरू देत नाही. उलट 'अडचण येऊन गेली' म्हणावे तर ती गेल्याची ग्वाही दिल्यासारखे होते, आणि तीही स्विगर्टला देता येत नव्हती. आली खरी, गेली की आहे ते अजून कळत नाही, एवढा आशय एका क्रियारूपात बसवण्याची सोय मराठीत नाही. भाषांतरकाराला 'आत्ता इथे काहीतरी बिघडलं' अशा वाक्याकडे वळावे लागेल, आणि 'काहीतरी' या शब्दावर तो अनिश्चिततेचा सगळा भार टाकावा लागेल. ध्वनिमुद्रिका ऐकली तर हेच वाक्य स्विगर्टच्या आवाजाच्या सर्वांत जवळ जाते.